फ्लेक्सवरची बानाबाई

बानाबाई शिंगाडेचा फोटो हर्सूलच्या चौकात लागला, त्या सकाळी ती शेअर रिक्षात बसून सिडकोकडं निघाली होती. मांडीवर शेळीच्या दुधाची किटली. शेजारची बाई तिच्याकडं सारखी वळून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"मावशी, त्या तुम्हीच ना? मेंढ्यांवाल्या?"

बाईनं बोट दाखवलं तिकडं बानाबाईनं पाहिलं. दोन खांबांमध्ये ताणून बांधलेला भला मोठा फ्लेक्स, आणि त्यावर तिचंच तोंड. डोक्यावरून घसरलेला पदर, रडून बारीक झालेले डोळे, हंबरडा फोडलेला जबडा. एका बाजूला हात जोडून हसणारे पुढारी, काकासाहेब. दुसरीपर्यंतच शाळा पाहिलेल्या बानाबाईला पळत्या रिक्षातून अक्षरं लागेनात, तेव्हा रिक्षावाल्यानंच वाचून दाखवलं, "बानाबाई, तुम्ही एकट्या नाही! सारा समाज तुमच्या पाठीशी!"

"एकटी?" बानाबाई म्हणाली. "म्या एकटी कवा व्हते?"

खरं तर एकटं म्हणावं असं तिच्या नशिबात पुष्कळ होतं. फुलंब्रीकडच्या धनगरवाडीतून लग्न होऊन ती हर्सूल तलावाच्या मागं, त्रिंबकच्या झोपडीत आली, तेव्हा घरात सासू नव्हती. शेंबडा दीर होता, रामहरी. त्याला तिनं न्हाऊमाखू घालून वाढवला. स्वतःचं पोर झालं नाही, त्यामुळं तोच पोर. पुढं त्रिंबक छातीच्या आजारानं गेला. भाऊबंद म्हणाले, मेंढरं विक आणि रामहरीच्या दारात सुखानं बस. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कळप घेऊन गायरानात गेली. गायरान तरी किती उरलं होतं? एकीकडून प्लॉटिंगचे दगड सरकत येत होते, दुसरीकडून तारेची कुंपणं. मधल्या पट्ट्यात बानाबाईची मेंढरं नि चार शेळ्या, आणि कडेला वीटभट्टीवर राबणाऱ्या लोकांची पत्र्यांची वस्ती.

त्या वस्तीत जुलेखाबी राहायची. ही माणसं जालन्याकडून दुष्काळात आली, तेव्हा पाऊलवाटेवरून त्रिंबकचं आणि जुलेखाबीच्या नवऱ्याचं, अजीजचं, चांगलंच वाजलं होतं. काठ्या निघाल्या होत्या. मग वस्तीनं वर्गणी करून बोअर घेतला, त्याला पाणी लागलं, आणि अजीजनं बोअरशेजारी सिमेंटचा हौद बांधला. एका कडक उन्हाळ्यात बानाबाई कळप घेऊन लांब उभी राहिली, मागायला तोंड उघडेना. जुलेखाबीनंच हाक मारली, "अगे, खडी क्या है? जनावरां मरतीं क्या प्यासे? ला इधर." तेव्हापासून मेंढरं त्या हौदावर पाणी प्यायची. बानाबाई वस्तीतल्या लेकरांना दूध द्यायची. त्रिंबक गेला त्या दिवशी नातेवाईक पोहोचेपर्यंत जुलेखाबीच तिला धरून बसली होती, आणि सुतकात घरची चूल बंद होती तेव्हा पहिली भाकरीसुद्धा जुलेखाबीच्याच घरून आली होती. या गोष्टींचा दोघींनी कधी उच्चार केला नाही. करायचं काय त्यात?

आणि मग दिवाळीनंतरचा तो दिवस आला.

एका बिल्डरनं प्लॉट पाडायला घेतलेल्या शेतात ज्वारी कापून नेली होती. अवकाळी पाऊस पडला आणि खुंटांना लुसलुशीत फुटवे आले. बानाबाई बाभळीचा पाला पाडत होती तेवढ्यात पुढची मेंढरं त्या फुटव्यांत घुसली. तिनं हाकलून बाहेर काढली, तहानलेली म्हणून हौदावर नेली, स्वतःही ओंजळीनं पाणी प्याली. मेंढरांनी पाणी प्यायलं आणि थोड्या वेळात एकेक खाली बसायला लागलं. तोंडाला फेस, पोटं फुगलेली. नऊ जनावरं तिच्या डोळ्यांदेखत हौदाच्या आसपास पाय झाडून मेली. जुलेखाबी आणि वस्तीतल्या बाया ताक आण, तेल आण करत धावत होत्या. सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर आले, पोट चिरून बघितलं आणि म्हणाले, "कोवळी ज्वारी बाधली, मावशी. फुटव्यांत विष असतं. वरून पाणी प्यायल्यावर जास्तच."

बानाबाई मेलेल्या मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती, तेव्हा रामहरी आला. तो आता काकासाहेबांची गाडी चालवायचा. काकासाहेब म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं होतं आणि ते उभे राहणार हे नक्की होतं. रामहरीबरोबर दोन माणसं होती, हातात मोबाईल. "वैनी, काय झालं ते सांग," तो म्हणाला. वैनीनं सांगितलं. रडत, अडखळत, सगळं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत ते शहरभर फिरलं. पण सगळं नाही. मोबाईलमधली बानाबाई एवढंच म्हणत होती, "जुलेखाच्या हौदावर पाणी पाजलं... आन् पटापटा पडली हो मपली लेकरं!" पुढं ती म्हणाली होती की तेच पाणी म्याबी पेले, बिल्डरच्या पट्ट्यातल्या ज्वारीनं घात केला. ते कापून टाकलं होतं. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, 'हौदात विष कालवलं कुणी?'

*

पुंडलिकनगरला वैदेहीताईंच्या घरी ती आठवड्यातून दोनदा दूध घेऊन जायची. वैदेही गोळेगावकर फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायच्या. घरात त्या आणि त्यांच्या आई मीनाक्षीकाकू. पणजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते, हे काकू फार अभिमानानं सांगायच्या. काकूंना डेंग्यू झाला होता तेव्हा कुणीतरी शेळीचं दूध सुचवलं, तेव्हापासूनची ही ओळख. ओळख म्हणजे, मागच्या दारी किटली रिकामी करायची, खिडकीत पालथा घातलेला स्टीलचा पेला घ्यायचा, बाहेरच्या नळाचं पाणी प्यायचं, पेला धुऊन पुन्हा पालथा घालायचा.

फ्लेक्स लागला त्या सकाळी मात्र पुढचं दार उघडलं. वैदेहीताईंनी तिचा हात धरून आत सोफ्यावर बसवलं. काकूंनी कपबशीत चहा आणला. बानाबाई सोफ्याच्या अगदी कडेला टेकली, सवय नव्हती.

"बानाबाई, तुम्ही मुळीच घाबरू नका," वैदेहीताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "आमच्या कॉलनीतल्या सगळ्या बायका रविवारी चौकातल्या सभेला येणार आहेत. मी स्वतः सगळ्यांना व्हिडिओ पाठवलाय. आपण सगळे एक आहोत, हे आता दाखवायलाच पाहिजे."

"कुनाला दाखवायचं, ताई?"

"म्हणजे... ज्यांनी हे केलं त्यांना."

"ज्वारीला?"

वैदेहीताई गोंधळल्या. बानाबाईनं सगळं पुन्हा सांगितलं. फुटवे, पाणी, डॉक्टर. "तेच पाणी म्या पेले. मंग म्या कशी जिती?"

काकू मध्येच म्हणाल्या, "अगं, तुला ठाऊक नाही ही माणसं कशी असतात. तू भोळी आहेस. तू आपली आहेस म्हणून सांगते."

बानाबाईनं कप खाली ठेवला. तिला राग आला होता, पण आवाज वर गेला नाही.

"काकू, तुमी मला चांगलं वागवलं, न्हाई म्हनत नाय. पन इतकी वर्षं म्या तुमच्या दारात येते. माझा पेला खिडकीत. त्या पेल्याला तुमच्या घरातलं कुनी हात लावत नाय, म्याच धुते, म्याच ठिवते. आन् जुलेखाच्या घरी म्या तिच्याच ताटात जेवते. आज फलकावर तोंड लागलं तर म्या तुमची झाले व्हय? आन् जिच्यासंगं म्या जेवले ती वैरीन?"

काकूंचा चेहरा उतरला, मग ताठरला. वैदेहीताई खिडकीकडं बघत राहिल्या. त्या घरात जन्मल्या, वाढल्या, पण तो पेला तिथं का आहे हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"रविवारी यायचं तर या," बानाबाई उठत म्हणाली. "पन म्या काय बोलते ते आधी ऐका, मंग वरडा."

*

तोवर वस्तीवर दिवस वाईट आले होते. भट्टीच्या मालकानं अजीजला सांगितलं, काही दिवस येऊ नको, माझ्यावर दबाव आहे. रात्री येऊन कुणी हौदात शेण टाकून गेलं. आणि एक दिवस पाटी लागली की सार्वजनिक सुरक्षेसाठी ही अतिक्रमित वस्ती हटवावी, अशी नागरिकांची मागणी आहे. मागणीच्या अर्जावर पहिलं नाव बानाबाईचं, आणि त्यापुढं अंगठा.

ते समजल्यावर ती थेट रामहरीच्या घरी गेली. तो गाडी धूत होता.

"माझा अंगठा कुनी लावला त्याच्यावर?"

"वैनी, तू समजून घे. काकासाहेब समाजासाठी करतेत. आतापतुर धनगराला इचारलं का कुनी? आज सारं शहर आपल्याकडं बघतंय."

"आपल्याकडं का माझ्या रडन्याकडं?"

"एकच ते."

"नाय, एक नाय. वस्ती उठली की तिथं काय व्हनार हाय, सांग."

रामहरीनं पाईप दुसऱ्या चाकाकडं वळवला. त्याला माहीत होतं. गाडीत बसून त्यानं कित्येकदा ऐकलं होतं. ज्वारी लावलेलं ते शेत ज्या बिल्डरचं, त्याला रस्ता हवा होता, आणि रस्ता वस्तीतून जात होता. वस्तीनंतर गायरान.

"मंग मपली मेंढरं कुठं चारू? फलकावर?" बानाबाई म्हणाली. "आरं, काकासाहेबाला म्या चार साल पानवठा मागितला, ईस हेलपाटे घातले. तवा मपलं तोंड त्याला दिसलं नाय. अजीजनं हौद बांधला. तो हौद तुमाला खुपतोय."

"तू आपल्या मानसांत ऱ्हा, वैनी. एवढंच म्हनतो."

"कोन आपलं ते तुझ्या काकासाहेबाला इचारून ठरवू व्हय?"

त्या वेळी रामहरीची पोरगी अक्षदा दारात उभी होती. तिनं पाणी आणलं, पण बानाबाई न पिताच निघाली. वाटेत तिला स्वतःचाच राग येत होता. या पोराला तिनं खांद्यावर घेऊन रान दाखवलं होतं.

ती तशीच वस्तीवर गेली. जुलेखाबी दारात बसली होती. पहिल्यांदाच तिनं बानाबाईला ये म्हटलं नाही.

"तेरा नाम है उसपे," जुलेखाबी म्हणाली. "अजीज बोलतें, अब जाना पडता यहाँ से."

"माझं नाव म्या लिवलं नाय."

"मेरेकु मालूम है. पन लोगां कु क्या बताऊँ? तेरा फोटो देखके मेरे बच्चे डरतें. तेरा फोटो, बाना!"

बानाबाई तिच्याशेजारी खाली बसली. मग म्हणाली, "रविवारी मला स्टेजवर बसिवनार हायती. तू बी चल."

"पागल हुई क्या? मारतें मेरेकु."

"मंग नको येऊ. पन म्या जानार."

*

रविवारी हर्सूलच्या चौकात मांडव भरला. झेंडे, ढोल, कॉलनीकॉलनीतून आलेल्या बायका; मुकुंदवाडीहून टेम्पोनं आणलेली माणसं. बरेच धनगर बांधवही आले होते, खांद्यावर घोंगडी टाकून, कारण घोंगडी घेऊन या असा निरोप होता. स्टेजवर बानाबाईला काकासाहेबांच्या शेजारची खुर्ची दिली. तिनं पाला तोडायची लांब काठी बरोबर आणली होती, टोकाला विळा बांधलेली. ती काढून घ्यायला एक कार्यकर्ता आला, तर काकासाहेबच म्हणाले, "राहू दे, राहू दे. फोटोत छान दिसेल."

भाषणं झाली. बानाबाईनं ऐकलं की तिच्या शेकडो मेंढ्या मारल्या गेल्या. ऐकलं की तिला धमक्या येत होत्या. ऐकलं की ती रात्ररात्र झोपत नाही. आपल्याबद्दल एवढं सगळं आपल्यालाच ठाऊक नव्हतं, असं तिला वाटलं. समोर पहिल्या रांगेत वैदेहीताई बसल्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या, टाळ्या वाजवत नव्हत्या.

मग काकासाहेबांनी माईक तिच्या हातात दिला आणि कानाशी लागले, "बाई, फक्त म्हणा, मला न्याय पाहिजे. बाकी मी बघतो."

बानाबाई उभी राहिली.

"मला न्याय पाहिजे," ती म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली. "पन कुनाकडून? नऊ मेंढरं मेली, शेकडो नाय. कोवळ्या ज्वारीनं मेली. डाक्तर सरकारी हायती, इचारा त्यास्नी. हौदातलं पानी म्या बी पेले. मोबाईलात ते का न्हाई दावलं? त्या हौदात आता शेन टाकलंय, ते मातुर खरं हाय. ते कुनी टाकलं त्याचा न्याय..."

माईक बंद पडला. नुसती खरखर आली आणि तीही थांबली. काकासाहेब हसत पुढं झाले, "बाई भावुक झाल्यात..."

पण डोंगराच्या या अंगावरून त्या अंगाला मेंढरं वळवणाऱ्या बाईला माईक लागत नाही. बानाबाईनं पोटातून आवाज काढला आणि तो रस्त्यापलीकडच्या दुकानांपर्यंत गेला.

"वस्ती उठली की गायरान जानार! जुलेखा गेली की तिच्या मागनं म्या! माझ्या भावांनो, घोंगड्या घेऊन आलात, उंद्या त्या अंथरायला रान उरायचं नाय! त्या कागदावरचा अंगठा मपला नाय!"

गडबड उडाली. कुणी "तिला खाली घ्या" म्हणालं, कुणी "बोलू द्या तिला" म्हणालं. घोंगडीवाल्यांतला एक म्हातारा, सर्जेराव, उभा राहून ओरडला, "बाई खरं बोलतीय! आमच्याकडलं रान बी असंच गेलं!" रामहरी स्टेजच्या पायरीवर उभा होता. त्याला कुणीतरी ढकललं, वैनीला आवर म्हणून. तो जागचा हलला नाही; तिच्याकडं गेला नाही आणि तिच्या बाजूनंही बोलला नाही.

बानाबाई स्टेजवरून उतरली. गर्दी आपोआप फाकली. चौकातल्या त्या खांबाशी ती गेली, काठी वर केली आणि विळ्यानं पहिली दोरी ओढून तोडली. मग दुसरी. फ्लेक्स एका बाजूनं लोंबला. तिचं रडतं तोंड वाकडं झालं, काकासाहेबांचे जोडलेले हात जमिनीला लागले.

"ए बाई! ए! सार्वजनिक मालमत्ता आहे ती!" बंदोबस्ताला असलेला एक तरुण पोलीस धावत आला.

"मालमत्ता?" बानाबाई म्हणाली. "मपलं तोंड हाय ते, साहेब. मपल्या तोंडावर मपला हक नाय व्हय?"

पोलीस वळून आपल्या साहेबांना शोधायला लागला. तेवढ्या वेळात तिनं उरलेल्या दोऱ्याही तोडल्या.

*

तिला पोलीस ठाण्यात नेलं आणि बाकावर बसवून ठेवलं. काकासाहेबांची माणसं तक्रार द्यायला आली, पण कशाची द्यावी यावर त्यांच्यातच एकमत होईना. फ्लेक्सला परवानगीच घेतलेली नव्हती. दुपार कलायला लागली तेव्हा दारात जुलेखाबी दिसली. बुरख्याच्या आत फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा. जन्मात ती ठाण्याची पायरी चढली नव्हती.

"आली व्हय?" बानाबाई म्हणाली. "मारतें म्हनत व्हतीस."

"चुप. खा."

थोड्या वेळानं वैदेहीताई आल्या, एका वकील मैत्रिणीला घेऊन. वकीलबाईंनी खोट्या अंगठ्याबद्दलची तक्रार लिहून घेतली. बानाबाईचं सगळं बोलणं वैदेहीताईंनी सकाळी मोबाईलवर टिपलं होतं आणि न कापता कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं होतं. तासाभरात त्यांच्या सख्ख्या मामांनीच त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं होतं. आई बोलत नव्हती.

"मी चुकीचं पाठवलं होतं, बानाबाई," त्या म्हणाल्या.

बानाबाईनं त्यांना समजावलं नाही की जवळ घेतलं नाही. ती बाकावर थोडी सरकली. "बसा. भाकर खाता का?"

जुलेखाबीनं भाकरीचा तुकडा मोडून पुढं केला. वैदेहीताईंनी तो घेतला.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. काकासाहेब निवडून आले. बानाबाईविरुद्ध मोबाईलवर नवीन गोष्ट फिरली की तिला पलीकडच्यांनी फितवलं. फुलंब्रीच्या भाऊबंदांनी तिला एका जत्रेचं बोलावणं दिलं नाही. पण वस्ती उठवण्याचा अर्ज अंगठ्याच्या प्रकरणात अडकला. पुढं कुंपणाचे खांब घेऊन ट्रॅक्टर आला, तेव्हा गायरानाच्या वाटेवर बानाबाईची मेंढरं बसली होती, मेंढरांमागं वस्तीतल्या बाया, आणि बायांमागं सर्जेरावानं आणलेले दहाबारा घोंगडीवाले. ट्रॅक्टर परत गेला. पुन्हा येईल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वकीलबाई कोर्टात तारखांना जातात. हौद घासून धुतला आणि पुन्हा भरला.

पुंडलिकनगरला दूध आजही जातं. वैदेहीताईंच्या दवाखान्यात. घरी नाही, काकूंना चालत नाही.

उन्हाळ्यात रामहरीच्या अक्षदाचं लग्न ठरलं. रामहरी स्वतः आला नाही, निरोप आला, "वैनीला म्हनावं ये. पन एकटी ये. पाहुणे मोठे हायती." मागून अक्षदाचा फोन आला, चोरून केलेला. ती एवढंच म्हणाली, "मोठी माय, तू कशीबी ये. पन ये."

बानाबाईनं जुलेखाबीला नवं लुगडं दाखवलं, अक्षदासाठी घेतलेल्या बांगड्या तिच्याकडून फडक्यात बांधून घेतल्या आणि म्हणाली, "चल."

"नक्को गे. शादी का घर है. तमाशा होता."

"ज्याला करायचा तो करंल. चल."

दोघी मांडवात शिरल्या तेव्हा रामहरी दारात अक्षता वाटत होता. त्यानं दोघींकडं पाहिलं, मान खाली घातली आणि बाजूला झाला. पंगत बसली. बानाबाई जुलेखाबीला घेऊन बरोबर मधल्या रांगेत बसली, पाहुण्यांच्या नजरेसमोर. वाढपी पोरं त्यांच्यापाशी येऊन अडखळायची आणि पुढं जायची. रांगेतली कुजबूज वाढली. दोघींच्या पत्रावळी कोरड्याच राहिल्या.

रामहरी बुंदीचं पातेलं घेऊन शेवटच्या रांगेकडं वळत होता.

"रामहरी," बानाबाईनं हाक मारली. "हिकडं वाढ. आधी तिला, मंग मला."

त्यानं एकदा पाहुण्यांकडं पाहिलं. मग वळला, दोघींसमोर आला, गुडघे टेकून बसला आणि वाढायला लागला. आधी जुलेखाबीला.